पुठ्ठ्याचं यंत्र, आतील भागासह

एका मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता दाखल्यांच्या कचेरीतल्या खिडकी क्रमांक चारच्या कारकुनाला फ्रिजच्या रिकाम्या खोक्यात बसवण्यात आलं. बसवण्यात आलं म्हणजे तो स्वतःच्या पायांनी आत गेला, स्टूलही स्वतःच उचलून नेलं, आणि चष्मा पुसून "हं, लावा" असंही म्हणाला. कचेरीतल्या माणसाचा अपमान असाच करायचा असतो, त्याच्याकडूनच करून घ्यायचा.

या कारकुनाला कचेरीत कुणी नावानं हाक मारत नसे. सत्तावीस वर्षं एकाच खिडकीमागं बसल्यावर नाव झिजून जातं. सगळे त्याला चारनंबर म्हणायचे. साहेबही, शिपाईही, आणि एकदा चुकून त्याची बायकोसुद्धा म्हणाली होती. तिनं ते नाकारलं, पण त्यानं ऐकलं होतं.

झालं होतं असं, की वरून पत्र आलं. दाखले देण्यासाठी आता यंत्र येणार. जन्माचा, मृत्यूचा, राहण्याचा, जो हवा तो दाखला माणसानं पडद्यावर बोट टेकवून मागायचा, खालच्या फटीतून पावती घ्यायची आणि घरी जायचं. यंत्र आलं की चारही खिडक्या बंद. एक, दोन आणि तीन नंबरवाले वयानं लहान होते, त्यांना इतर विभागांनी आधीच मागून घेतलं होतं. चारनंबरला निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्याला कुणी मागितलं नाही. त्याच्यासाठी तळघरातली जुन्या नोंदींची खोली ठरली होती. तिथं एक दिवा, एक टेबल आणि छताला टेकलेले गठ्ठे. माणूस औषधालाही नाही.

आणि चारनंबरला माणसं लागायची. हे त्यानं कधी कबूल केलं नसतं. तो लोकांवर खेकसायचा, अर्ज परत फेकायचा, "वाचता येतं ना?" असं विचारायचा. पण संध्याकाळी घरी गेला की जेवताना बायकोला दिवसभरातली सगळी माणसं सांगायचा. ही आजी अशी आली, तो जावई तसा भांडला. माणसं नसती तर या नवराबायकोला सत्तावीस वर्षं बोलायला विषय मिळाला नसता.

यंत्र मात्र लगेच येणार नव्हतं. आधी चाचणी व्हायची होती, आणि तीही कागदाच्या यंत्रावर. त्यासाठी कंपनीनं एक मुलगी पाठवली. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, हातात कात्री, काखेत पुठ्ठे. दुसऱ्या दिवसापासून कचेरी तिला खोकेवाली म्हणू लागली, आणि तिनं ते आनंदानं चालवून घेतलं.

"काका, खरं यंत्र बनवायला लाखो रुपये लागतात," ती म्हणाली. "बनल्यावर चूक सापडली तर यंत्र कुणी बदलत नाही, लोकांनाच अडाणी म्हणतात. म्हणून आधी कागदाचं करायचं. पडद्याच्या जागी कागद, बटणाच्या जागी चित्र. बाहेरचा माणूस चित्रावर बोट ठेवणार, आतला माणूस पुढचा कागद सरकवणार."

"आतला माणूस कोण?"

"तुम्ही."

"म्हणजे मी यंत्र."

"यंत्राचा मेंदू," ती म्हणाली. मुलगी स्वभावानं चांगली होती.

मग तिनं त्याच्याच टेबलावरचा चहाचा कप उचलला. "याचा कान बघा. बघितला की बोट आपोआप आत जातं. कपाला कान धरून उचलायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आईनं."

"बरं, आईनं. पण दुसऱ्यांदा नाही ना शिकवावं लागलं? चांगली वस्तू स्वतःच सांगते, मला इथं धर, मला दाब, मला ओढ. जी सांगत नाही तिच्यावर पाट्या लावाव्या लागतात."

चारनंबरनं मान वर करून दालनाकडं पाहिलं. एक्केचाळीस पाट्या होत्या. त्यातल्या एकोणीस त्याच्याच अक्षरात.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्याला भुंगा लागला. वस्तू त्याच्याशी बोलू लागल्या, आणि काय वाईट बोलत होत्या. खिडकीवरचं दोरीनं बांधलेलं पेन येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतं, तू चोर आहेस. बाकावर दर वीतभर अंतरावर ठोकलेल्या लोखंडी कड्या म्हणत होत्या, थकला असलास तरी इथं आडवा होऊ नकोस. आणि खिडकीचं ते भोक. इतकं खाली, की माणूस सरळ उभा राहून बोलूच शकत नाही. कंबरेत वाकायचं, मान तिरकी करायची, तोंड भोकाशी न्यायचं आणि मग म्हणायचं, साहेब, माझा दाखला. चारनंबर सत्तावीस वर्षं समजत होता की लोक आपल्याला मान देतात. मान लोक देत नव्हते, सुतारानं घेतला होता. ज्यानं ते भोक तिथं पाडलं त्याला आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्याला बहुधा त्याबद्दल बढतीही मिळाली असेल.

असो. यंत्राचे नियम मुलीनं लिहून दिले. आतल्या माणसानं बोलायचं नाही. सुचवायचं नाही. चुकीचं बटण दाबलं तर चुकीचाच कागद द्यायचा. मिनिटभर कुणी काहीच दाबलं नाही, तर 'आपली वेळ संपली' हा कागद सरकवायचा आणि तो माणूस नापास धरायचा. चाचणी महिनाभर. शंभरात ऐंशी माणसं पावती घेऊन गेली तर यंत्र पास, दोन महिन्यांत खिडक्या बंद. कमी गेली तर आराखडा परत, आणि परत गेलेला आराखडा दोन-तीन वर्षं तरी वर येत नाही.

हा हिशेब चारनंबरच्या बायकोला जेवता जेवता कळला. तिला उलगडून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे तुम्ही नुसतं गप्प बसायचं," ती म्हणाली.

"नियमानं वागायचं."

"तेच ते. लोक आपोआप चुकतील, यंत्र पडेल, तुम्ही तुमच्या खिडकीवर निवृत्त व्हाल. जन्मभर लोक तुम्हाला आडमुठे म्हणत आले. आता महिनाभर खरोखर होऊन दाखवा."

वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर तेवढ्यात वर्तमानपत्र परत द्यायला आले होते. त्यांनी सगळी हयात पुलांवर काढली होती आणि आता ते इमारतीतल्या प्रत्येक कामाला भार किती येईल ते सांगत. "खोकं कितीपदरी आहे?" त्यांनी विचारलं. चारनंबरला पदर माहीत नव्हते. "मग हवेचं काय? पाठीमागं, खांद्याच्या उंचीवर, सहा भोकं. सहाच. आठ पाडलीत तर खोकं बसेल. आणि दमट हवेत पुठ्ठा खचतो, हे लक्षात असू द्या. पहिल्या मजल्याइतकीच खात्री शेवटच्या मजल्याची नसते." याचा अर्थ कुणालाच लागला नाही, पण दुसऱ्या दिवशी चारनंबरनं मोजून सहा भोकं पाडली.

आणि तो मंगळवार उजाडला.

खोकं दालनाच्या मधोमध उभं केलं होतं. समोर उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर एक चौकोनी फट, तिच्यात कागद लावलेला, त्यावर मुलीनं काढलेली गोल बटणं. आतून चारनंबरला फटीच्या कडेनं बाहेरचे हात तेवढे दिसत. आजवर त्यानं वाकलेली डोकी पाहिली होती. हात तो पहिल्यांदा पाहत होता.

पहिला हात आला आणि बटणांकडं न जाता वर गेला. खोक्यावर छापलेला मोठा काळा बाण होता, 'ही बाजू वर'. हातानं तो बाण दाबला. पुन्हा दाबला. मग हाताच्या मालकानं बराच वेळ वर छताकडं पाहिलं आणि तो निघून गेला. दुसऱ्या माणसानं खोक्यावरचं आत फुटणारी वस्तू आहे अशी सूचना देणारं पेल्याचं चित्र पाहिलं आणि स्वतःची बाटली त्याच्याखाली धरली. तिसऱ्यानं फटीत एक पाकीट टाकलं, त्यावर तिकीट लावलेलं होतं. मुलगी कोपऱ्यात बसून भराभर लिहून घेत होती. खोक्यात चारनंबरचा आनंद मावत नव्हता. अकरा वाजेपर्यंत नऊ माणसं आली आणि सातजण नापास झाले. हे असंच चाललं तर निवृत्तीचा निरोपाचा चहा उजेडात होईल असं त्याला दिसू लागलं.

मग दहावा हात आला. बाईचा हात, मनगटापर्यंत पीठ लागलेला. बेकरीतून कामाच्या मधल्या वेळात धावत आली असावी, कारण दुसऱ्या हाताच्या घड्याळाकडं तिचं सारखं लक्ष होतं. तिला मुलाच्या जन्मदाखल्यातलं चुकलेलं नाव दुरुस्त करून हवं होतं, हे तिच्या पुटपुटण्यातून आत ऐकू येत होतं. हातानं 'जन्म' दाबलं, बरोबर. मग 'दुरुस्ती'ऐवजी 'रद्द' दाबलं, कारण नावावर काट मारायची होती आणि 'रद्द'च्या पुढं काट काढली होती. चारनंबरनं नियमाप्रमाणं पहिला कागद सरकवला. हातानं पुन्हा 'जन्म' दाबलं, पुन्हा 'रद्द'. पुन्हा पहिला कागद. तिसऱ्यांदा बोट कागदावर आलं आणि तिथंच राहिलं. दाबत नव्हतं, हटत नव्हतं, आणि पिठाचा एक बारीक ठसा कागदावर उमटत होता.

चारनंबरनं नियमांचा कागद पाहिला. बायकोचं वाक्य आठवलं. मग त्यानं 'दुरुस्ती'चा कागद बाहेर सरकवला.

एकदाच, त्यानं स्वतःला बजावलं. पण ज्यानं सत्तावीस वर्षं तोंडानं खेकसत हातानं लोकांचे अर्ज गुपचूप दुरुस्त केले, तो खोक्यात बसून काय वेगळं करणार? खेकसायला आता बंदी होती. उरलं तेवढं चांगलंच उरलं. लोक 'रहिवास' दाबून मृत्यूचा दाखला मागत, तो मृत्यूचा देई. लोक दोन बटणं एकदम दाबत, तो त्यांना हवं असलेलं निवडी. प्रत्येक वेळी तो एका चिठ्ठीवर लिहून ठेवी, दाबलं काय आणि हवं होतं काय. का लिहीत होता ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कारकुनाच्या हातून काही घडलं की नोंद होतेच.

आठवड्याभरात यंत्राची कीर्ती पसरली. शेजारच्या विभागातली माणसं मुद्दाम इकडं येऊ लागली. एक, दोन आणि तीन नंबरच्या खिडक्या ओस पडल्या. तिथले कारकून रांगेतल्या माणसांना हाका मारत, "इकडं या, इथं कुणी नाही," तर रांग म्हणे, "नको, आम्ही यंत्राकडंच जातो, ते समजून घेतं." खोक्याखालून यंत्राचे चपला घातलेले पाय स्पष्ट दिसत होते. लोकांना सगळं माहीत होतं. पण कचेरी म्हणते यंत्र, तर आपण कशाला वाद घालायचा.

कचेरीनं तर यंत्र म्हणण्यात कसर ठेवली नाही. भांडारपालानं वहीत नोंद केली, 'यंत्र, पुठ्ठ्याचे, नग एक, आतील भागासह.' आता आतील भाग हजेरीपटावर सही कशी करणार? यंत्राचं नाव हजेरीपटावर नसतं, आणि चारनंबर तर त्याच्या जागेवर दिसत नव्हता. तीन दिवस त्याची गैरहजेरी लागली. त्यानं तक्रार केली तेव्हा साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"अडचण समजून घ्या, चारनंबर. भांडाराच्या वहीनं तुम्ही आहात. हजेरीच्या वहीनं नाही आहात. दोन्हीत असलात तर एकाच वस्तूची दोनदा नोंद होईल."

"साहेब, मी वस्तू नाही."

"मी कुठं म्हटलं? वही म्हणते."

पुढं त्याची दाढ दुखायला लागली आणि अर्ध्या दिवसाची रजा हवी होती. साहेबांनी खूप विचार करून रजेचा अर्ज परत केला आणि दुरुस्तीचा अर्ज मागवला. त्या दुपारी खोक्यावर पाटी लागली, 'यंत्र बंद आहे.' दुसऱ्या दिवशी रांगेतली पहिली आजी फटीशी वाकली, वाकायची गरज नसताना, आणि हळूच म्हणाली, "दाढ काढली का ठेवली?" यंत्रानं बोलायचं नसतं. यंत्रानं फटीतून एक बोट काढून आडवं हलवलं. "बरं केलं," आजी म्हणाली, "असते तेवढी जपावी."

खोकेवाली हे सगळं पाहत होती. तिच्या वहीत शंभरातली सत्त्याण्णव माणसं पास होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ती खोक्याच्या पाठीमागं येऊन त्या सहा भोकांशी बसली.

"काका, तुम्ही मदत करताय."

"मी यंत्र आहे."

"माझी बटणं चुकलीत. मला दिसतंय ना. त्या 'रद्द'च्या चित्रावर निम्मे लोक फसायला हवेत, आणि एकही फसत नाही. मी चुकीचं यंत्र बनवणार आणि ते तुमच्याशिवाय उभं राहणार. मग तिथं एखादी आजी उभी राहील आणि आत कुणी नसेल."

खोक्यात कागद चाळल्याची खसखस झाली.

"मला शिव्या बसतील त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण तिला बसतील."

"जेवून घे," चारनंबर आतून म्हणाला. त्याच्या आवाजात जरा खेकसणं होतं. त्याच्या खिशात तेव्हा एकशे अठ्ठ्याण्णव चिठ्ठ्या होत्या.

शेवटच्या दिवशी कंपनीचे मोठे सर आले, कोऱ्या बुटांत. साहेबांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसून घेतली. रांगेतला कुठलाही एक माणूस त्यांच्यासमोर यंत्र वापरणार, मुलगी घड्याळ लावून बसणार, एवढंच बाकी होतं. आकडे तर आधीच उत्तम होते. चारनंबर सकाळी घरून ठरवून निघाला होता. आज एकदा तरी नियमानं वागायचं. बायकोनं डबा देताना "आजचाच दिवस," एवढंच म्हटलं होतं, आणि तो "हो" म्हणाला होता.

हात आला. म्हाताऱ्या पुरुषाचा, नखं नीट कापलेली, शर्टाच्या बाहीची गुंडी चुकीच्या काजात अडकलेली. घरात गुंड्या लावून देणारं कुणी आता नव्हतं, हे त्या बाहीवरून कळत होतं. हातानं 'मृत्यू' दाबलं. नेमकं, न चुकता. चारनंबरनं दुसरा कागद सरकवला. 'मृत व्यक्तीशी आपले नाते निवडा.' खाली चार बटणं होती. मुलगा. मुलगी. आई-वडील. इतर.

हात 'मुलगा'वर गेला, थांबला. 'मुलगी'वरून पुढं सरकला. 'आई-वडील'. मग 'इतर'च्या वर येऊन हवेत राहिला.

"दाबा ना, आजोबा," कंपनीचे सर म्हणाले. "इतर दाबा. इतर म्हणजे बाकीचे सगळे."

"बाकीचा नाही मी," म्हातारा म्हणाला. मोठ्यानं नाही, कुणाला उद्देशूनही नाही. "चौपन्न वर्षं झाली होती आम्हाला."

हात खाली आला. मुलगी घड्याळाकडं पाहत होती. वीस सेकंद. तीस. चारनंबरला काहीही करायचं नव्हतं. खरोखर काहीही नाही. मिनिट भरलं की 'आपली वेळ संपली' सरकवायचं, मोठ्या सरांच्या डोळ्यांदेखत यंत्र पडणार, आणि त्याला ना कुणी दोष देणार ना खाली पाठवणार. तो फक्त नियम पाळणार होता. तो कागद त्यानं हातात घेतलाही.

आणि त्याला वाटलं, हा कागद आपण या माणसाला द्यायचा? आपली वेळ संपली?

त्यानं कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर एक गोल काढला, आत लिहिलं 'नवरा'. अक्षर थोडं वाकडं आलं, गुडघ्यावर लिहिल्यामुळं. तो तुकडा फाडून त्यानं फटीतून बाहेर सरकवला आणि 'इतर'च्या वर नीट बसवला.

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला, वाचलं, आणि बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही, ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग फटीतून पावती घेतली, घडी घातली, आणि यंत्रासमोर किंचित मान झुकवून बाहेर गेला. सरळ उभा राहून केलेला नमस्कार चारनंबरनं जन्मात पहिल्यांदा पाहिला, आणि तोही गळ्यापासून खालीच दिसला.

"पास," मोठे सर म्हणाले.

"सर, ते बटण आपल्या यंत्रात नव्हतं," खोकेवाली म्हणाली. "यंत्र नापास आहे. महिनाभर नापास आहे. पास हे काका होत होते."

मग साहेबांच्या खोलीत जे व्हायचं ते झालं. मोठे सर गाडीत जाऊन बसले, कारण त्यांना असल्या गोष्टींत पडायचं नव्हतं. साहेबांनी चारनंबरसमोर दोन कोरे कागद ठेवले. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्याही वर एक खिडकी होती, आणि तिच्यापुढं त्यालाही वाकावं लागत होतं.

"लेखी जबाब हवा. 'मी कसलीही मदत केली नाही' असं लिहिलंत, तर यंत्र पास. दोन महिन्यांनी खिडक्या बंद, तुम्ही मानानं खाली जाल, चहा-बिस्किटं घेऊन. 'मदत केली' असं लिहिलंत, तर चाचणी रद्द, आराखडा परत. पण तुम्ही लेखी आदेश मोडलात. म्हणजे सोमवारपासूनच खाली, आणि शेरा वेगळा."

"खिडकी राहील ना?"

"राहील. दुसरा बसेल तिथं."

चारनंबरनं दोन्ही कागद घडी करून खिशात घातले. चिठ्ठ्यांमुळं खिशात जागा नव्हती.

खोकेवाली त्याला दारापर्यंत सोडायला आली. "तुमच्या चिठ्ठ्या मिळाल्या तर मी सगळं नव्यानं काढीन," ती म्हणाली. "पण त्या जोडायच्या तर सही लागेल. आणि काका, सही करा असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नकोसच," तो म्हणाला.

संध्याकाळी निवृत्त इंजिनिअर सल्ला द्यायला न बोलावता हजर होते. त्यांचं मत असं की जबाब लिहावा, पण वाचता येणार नाही अशा अक्षरात. पुलांच्या बाबतीत त्यांनी हे अनेकदा केलं होतं आणि ते पूल अजून उभे होते, बहुतेक सगळे. चहा घेऊन ते गेले तेव्हा बायकोनं टेबल पुसलं, कोरे कागद ठेवले आणि समोर बसली. तिला महिनाभर त्यानं यंत्र कसं पडतंय ते सांगितलं होतं. आज त्यानं खरं सांगितलं. पिठाचा हात, दाढेची आजी, खिशातल्या दोनशे अकरा चिठ्ठ्या, आणि शेवटी तो म्हातारा.

ती रागावेल म्हणून तो थांबला. ती रागावली होतीच, पण तिचा राग भलतीकडंच गेला.

"मुलगा आहे, मुलगी आहे, आणि नवरा नाही त्या कागदावर?"

"फॉर्मवरूनच घेतलंय. आमच्या फॉर्मवरही कधी नव्हतं."

"सत्तावीस वर्षं?"

"सत्तावीस वर्षं," तो म्हणाला. "मी 'इतर'वर खूण करायचो. रोज. कुणी कधी काही म्हणालं नाही. वाकून उभे असायचे ना."

तिनं ते दोन्ही कागद टेबलावर सरळ करून ठेवले.

"त्या तुकड्यावर काय लिहिलंत तुम्ही?"

"नवरा."

"आणि म्हातारा गेला असता आणि ती आली असती, तर? तिनं काय दाबायचं?"

चारनंबरनं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"लिहा," ती म्हणाली. "दोनशे बारावी चिठ्ठी ना? 'नवरा' लिहिलंय तिथं शेजारी 'बायको' पण लिहा. त्या मुलीला कळायला हवं. एवढे शिकलेले लोक, आणि निम्मं जग विसरतात."

त्यानं लिहिलं. मग दुसरा कागद ओढला आणि जबाब लिहिला, वाचता येईल अशा अक्षरात. मी मदत केली, दोनशे बारा वेळा, चिठ्ठ्या सोबत जोडल्या आहेत. सही करताना त्यानं एकदा बायकोकडं पाहिलं. ती तिथं नव्हती. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज येत होता.

सोमवारी सकाळी दारात डब्याच्या पिशवीबरोबर तिनं त्याचा जुना स्वेटर पुढं केला. "तळघरात गार असतं म्हणतात."

हा स्वेटर त्यानं तीन वर्षांपूर्वी घालायचा सोडला होता. गुंड्या बारीक होत्या, त्याच्या बोटांना सापडत नसत, आणि शिपायासमोर छातीशी चाचपडत बसायला त्याला लाज वाटे. बायकोला त्यानं सांगितलं होतं की रंग आवडत नाही.

त्यानं स्वेटर अंगात घातला. वरची गुंडी बोटांत आली, न शोधता. दुसरीही. त्यानं खाली पाहिलं. सगळ्या गुंड्या बदललेल्या होत्या, चांगल्या मोठ्या, जाड कडेच्या, आणि काजं कापून पुन्हा टाचलेली.

"कधी केलंस हे?"

"झाली दोन वर्षं," ती म्हणाली, आणि शेवटची गुंडी त्याला स्वतःलाच लावू दिली.